बायको अमेरिकन, घर श्टुटगार्टमध्ये आणि रोजची किरकिर

नमस्कार सांगलीकर,

तुमचं पत्र चांगलं लांबलचक आहे, म्हणून बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्ही मूळचे सांगलीचे, एमएस करायला अमेरिकेत गेलात, नोकरी सेंट लुईसला लागली, तिथेच लग्न केलंत. बायको जन्मली वाढली तिथल्याच मिझुरी राज्यात, शाळेत दुसरीच्या पोरांना शिकवायची. आता कंपनीने तुम्हाला श्टुटगार्टला पाठवलंय, वर्ष व्हायला आलंय, आणि तुमचं म्हणणं असं की ही दिवसभर जर्मनीला नावं ठेवते. ड्रायर नाही, एसी नाही, हॉटेलात पाणी विकत आणि त्यात बर्फ नाही, रविवारी दुकानं बंद, भाड्याच्या घरात कपाट नाही, खालच्या आजी चिठ्ठ्या लिहितात. आणि संध्याकाळी तीच बाई आईला व्हिडिओ कॉलवर सांगते की इथली सहा-सात वर्षांची पोरं एकटी चालत शाळेत जातात, डॉक्टर पैसे मागत नाही, किती छान आहे सगळं. तुमचा प्रश्न तुमच्याच शब्दांत देते: "ताई, हिला नक्की हवंय काय? मी अमेरिकेत इतकी वर्षं काढली, एका शब्दाने तक्रार केली नाही. ह्या लोकांना सोसायची सवयच नसते का? सरळ परत जाऊ का?"

एका शब्दाने तक्रार केली नाही, हे काही मला पटत नाही हो. तुम्ही केलीत, भरपूर केलीत, मी पैज लावते. शुक्रवारी रात्री दोन-चार देशी पोरं जमून खिचडी टाकायची आणि मग सुरू, की ब्रेड काय गोड आहे, दुधाच्या एका कॅनसाठी गाडी काढावी लागते, फूटपाथच नाहीत, चालत निघालं तर लोक बघतात, हाऊ आर यू विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत, मेन्यूवर एक किंमत आणि बिलात टॅक्स टिप धरून भलतीच. बोललात ना? फक्त ते सगळं मराठीत बोललात, शेजारच्या टेबलावर कोणाला ओ का ठो कळलं नाही, म्हणून तुम्ही सोशिक ठरलात. तिची पंचाईत अशी की ती इंग्रजीत बोलते आणि इंग्रजी इथे एस-बान म्हणजे लोकलमधल्या निम्म्या डब्याला कळतं. शिवाय तिच्याबरोबर नावं ठेवायला कोणी नाही. तुमच्याकडे चार रूममेट होते, तिच्याकडे फक्त तुम्ही आहात, आणि तुम्ही प्रत्येक वाक्यावर "आमच्याकडे तर आयुष्यभर दोरीवरच वाळत घालतात" असं सांगता. मग बोलणार कोणाशी ती?

हे दोरीचं वाक्य तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय, म्हणून म्हटलं. ते बंद करा. खरं असलं तरी बंद करा. तिने स्टँडवर वाळलेल्या टॉवेलबद्दल तोंड वाकडं केलं की तुमच्या लहानपणाचा हिशोब निघतो, आणि मग विषय टॉवेलचा राहतच नाही, जास्त कोणी सोसलंय याचा होतो. त्यात तुम्हीच जिंकणार हे तिलाही माहितीये.

आता जरा दुसरं. तुम्ही सांगली सोडलीत तेव्हा घरात पेढे वाटले असतील, एअरपोर्टवर सोडायला जीप भरून माणसं आली असतील, गावात आईवडिलांची मान वर झाली असेल. तिचं काय झालं? सेंट लुईसमधल्या मैत्रिणींनी विचारलं असेल, का गं, कशाला? तिची नोकरी गेली, वर्ग गेला, गाडी विकली, आई लांब राहिली, आणि त्याबदल्यात मिळालं काय तर व्हिसावर "जोडीदार" असा शिक्का. तुमच्यासाठी परदेश म्हणजे बढती होती, तिच्यासाठी ही नवऱ्याची बदली आहे. आपल्याकडे बँकेतल्या माणसामागे दर तीन वर्षांनी भांडी बांधून गाव बदललेल्या बायका आहेत ना, कोणाच्याही आईला किंवा मावशीला विचारा की नव्या गावात पहिलं वर्ष कसं जायचं, सगळ्या एकच सांगतील की नवऱ्याला ऑफिस होतं, आम्हाला फक्त नवं स्वयंपाकघर. तुमच्या बायकोच्या बाबतीत तर तेही नव्हतं, जर्मनीत भाड्याचं घर बऱ्याचदा ओट्याशिवाय, सिंकशिवायच मिळतं, तुमचंही तसंच होतं असं तुम्हीच लिहिलंय.

आणि ती शिक्षिका होती हे विसरू नका. शिक्षिकेला गावात सगळे ओळखतात, दुकानात पोरं येऊन मिठी मारतात. दिवसभर दुसऱ्यांना नीट समजावून सांगणं हाच जिचा धंदा, तिला आता ब्रेडवालीला दोन पाव मागताना घाम फुटतो. त्यात श्वाबेन, म्हणजे श्टुटगार्टकडच्या लोकांची बोली. अॅपवर जर्मन शिकून कोणी श्टुटगार्टच्या बेकरीत गेलं की उत्तर भलत्याच भाषेत आल्यासारखं वाटतं. याची इथल्या सरकारलाही इतकी कल्पना आहे की १९९९ पासून बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याची जाहिरातच होती, आम्हाला सगळं येतं, शुद्ध जर्मन सोडून.

आता चिठ्ठीवर येते, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात मजेदार आणि सगळ्यात गंभीर भाग तोच आहे. वाचकांनो, श्टुटगार्टमध्ये केअरवोखं म्हणून प्रकार असतो. बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराला आळीपाळीने एकेक आठवडा जिना झाडायचा, पुसायचा. छोट्या पाळीत आपल्या मजल्याचा जिना, मोठ्या पाळीत तळघर, अंगण, बाहेरचा फूटपाथ, थंडीत त्यावरचा बर्फसुद्धा. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला एक छोटी पाटी लटकते, आठवडा संपला की ती पुढच्या दाराला. शहराचा नियम म्हणून हे ८०च्या दशकाच्या शेवटी संपलं, पण घराच्या करारात अजून असतं, आणि आजींच्या मनात तर असतंच असतं. सांगलीकरांच्या बायकोने पाटी बघितली, जिना झाडला, पाटी पुढे अडकवली, आणि दुसऱ्या दिवशी दाराखालून चिठ्ठी आली की तळघराच्या जिन्याला पाणी लागलेलं दिसत नाही. खाली सही, तारीख, आणि कार्यालयात लिहितात तशी शुभेच्छांसह.

ती रडली आणि तुम्ही म्हणालात, अगं दोन मिनिटांचं काम आहे, पुसून टाक की. सांगलीकर, पाटी तुमच्या दोघांच्या दारावर लटकते, मग झाडते फक्त ती कशी? पुढच्या पाळीला बादली तुम्ही घ्या. शनिवारी सकाळी घ्या, म्हणजे येता जाता चार लोक बघतील. दुपारी एक ते तीन नको, बऱ्याच घरांत तेव्हा शांततेची वेळ असते आणि बादलीचा आवाजसुद्धा नवीन चिठ्ठीला पुरतो.

आणि त्या आजींना चिठ्ठीने उत्तर देऊ नका, इंटरनेटवरून भाषांतर करून तर अजिबातच नाही. दोघांनी जाऊन बेल वाजवा, नाव सांगा, म्हणा तळघर कसं करायचं एकदा दाखवाल का. मिझुरीत समोरच्याला काही सुनवायचं असलं तर आधी दोन मिनिटं हवापाण्याच्या गप्पा, मग तुझे पडदे किती छान आहेत, मग हळूच मुद्दा. तिथे अशी कोरडी चिठ्ठी म्हणजे वैर. इथे ती फक्त सूचना असते, लिहिणारी बाई ती टाकून शांतपणे कॉफी प्यायला बसलेली असते. हे तुमच्या बायकोला एकदा कोणीतरी नीट सांगायला हवंय, पण "तू फार मनाला लावून घेतेस" अशा सुरात नको. तिच्या गावच्या मापाने ते खरंच लागण्यासारखं होतं. मला विचाराल तर केअरवोखं हा प्रकार थोडा बावळटपणाचाच वाटतो, पण जिने चकचकीत असतात बाबा, ते मान्य करावं लागतं.

रविवारबद्दल तुम्ही तिला सांगितलंत की शनिवारी सामान आणून ठेव, झालं. बरोबर आहे, पण अर्धवट आहे. जर्मनीत रविवार नुसता दुकानांच्या कायद्यात नाही, तो राज्यघटनेत आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं रविवारच्या विश्रांतीचं कलम १९४९ च्या घटनेने कलम १४० मधून जसंच्या तसं उचललं. त्यामुळे हे बदलेल म्हणून वाट बघू नका. स्टेशनवरची दुकानं उघडी असतात, बेकरी काही तास असते, पेट्रोल पंपावर दूध महाग पण मिळतं. काचेच्या बाटल्या मात्र रविवारी डब्यात टाकू नका, त्या आवाजावरून अजून एक चिठ्ठी येईल. तर एवढी माहिती तुम्ही तिला दिलीच असेल. पण तिचा सेंट लुईसमधला रविवार कसा होता ते तुम्हीच लिहिलंय, सकाळी चर्च, मग आईकडे जेवण, मग आई आणि ती कुठल्यातरी मोठ्या दुकानात उगाच चक्कर मारायच्या, काही घ्यायचं नसलं तरी. दूध शनिवारी आणून ठेवता येतं, आईकडचं जेवण कसं आणणार? ती रविवारी बंद शटरबद्दल बोलते तेव्हा तुम्ही दुधाचं उत्तर देता. त्यापेक्षा रविवार ठरवून बाहेर काढा. श्टुटगार्टच्या आजूबाजूला जंगल आणि द्राक्षाचे मळे इतके आहेत की निम्मं शहर त्या दिवशी बूट घालून चालायला निघतं, तुम्हीही निघा, आणि चार वाजता कुठेतरी केक खा, म्हणजे तुम्ही अर्धे जर्मन झालात.

आता कौतुकाचा भाग. तुम्हाला वाटतं सकाळी शिव्या आणि संध्याकाळी आरती, म्हणजे ही बाई खोटं तरी बोलते किंवा गोंधळलेली आहे. दोन्ही नाही हो. तुम्ही लिहिलंय की तिचा घसा बसला होता, डॉक्टरने तपासलं, औषध लिहून दिलं, आणि नंतर ती काऊंटरवर क्रेडिट कार्ड हातात धरून उभीच राहिली. रिसेप्शनवरच्या बाईने विचारलं अजून काही हवंय का. हिला वाटलं बिल नंतर घरी येईल. नाही येणार म्हटल्यावर बाहेर बाकावर बसून रडली, आणि तुम्हाला कळेना की फुकट झालं तर रडायचं कशाला. अहो, फुकट झालं म्हणूनच. तुमच्या सरकारी विम्यात बिनकमाईची बायको जास्तीचा हप्ता न भरता बसते, हे तुमच्यासाठी एचआरने पाठवलेल्या कागदावरची एक ओळ आहे. तिच्यासाठी ते काय आहे? अमेरिकेत ती मोठी झाली ती डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम), को-पे (दर भेटीला आपण भरायचा वाटा), हा डॉक्टर नेटवर्कमध्ये आहे का, या शब्दांत. बाळंतपणाची पगारी रजा द्यायलाच हवी असा देशभराचा कायदा तिथे आजही नाही, १९९३ च्या कायद्याने मिळतात त्या १२ आठवडे बिनपगारी, त्याही सगळ्यांना नाही. शाळेतल्या बायका बाळंतपणासाठी आजारपणाच्या रजा साठवून ठेवतात, तापात वर्गावर उभ्या राहतात. आणि इथे नोकरीतला माणूस आजारी पडला तर सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो, वर्षाला किमान २० दिवस सुट्टी कायद्यानेच मिळते. हे बघून तिला आनंद झाला असेल, आणि आपल्याच देशाचा रागही आला असेल. आपल्याला नाही का येत, परदेशातल्या एखाद्या साध्या नगरपालिकेचं काम बघून सांगलीच्या रस्त्यांचा राग? आणि तरी कोणी परक्याने सांगलीला नावं ठेवली की आपण बाह्या सरसावतोच.

म्हणून संध्याकाळी ती कौतुक करत असताना "मग सकाळी का ओरडत होतीस" असं मध्येच बोलू नका, तेही आईसमोर. तिची आई पलीकडे ऐकतेय, आणि त्या माउलीला कौतुक ऐकून आनंद होत असेल असं समजू नका. जर्मनी जेवढी चांगली, तेवढी मुलगी लांब, असाच तिचा हिशोब चालू असणार. सात तासांचा फरक आहे, मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरदात एखादा आठवडा तो सहाचा होतो कारण घड्याळं वेगवेगळ्या दिवशी बदलतात, तेव्हा कॉल चुकतो आणि दोघी हिरमुसतात. ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी रजा टाका, इथे तो साधा कामाचा दिवस असतो आणि त्या दिवशी तिला एकटीला घरात ठेवू नका. अख्खी टर्की खाटकाकडे आधी सांगून ठेवावी लागते, आयत्या वेळी मिळत नाही. दिवाळीला तुम्ही रजा टाकलीत असं लिहिलंय, म्हणून सुचवलं.

तिला तुमच्याशिवाय माणसं हवीत, आणि पहिली काही तिच्याच भाषेत तक्रार करणारी हवीत. श्टुटगार्टमध्ये अमेरिकन काही कमी नाहीत, फायहिंगनला अमेरिकन लष्कराचं युरोपचं मुख्यालयच आहे. लष्करी दुकानात ओळखपत्राशिवाय शिरू देणार नाहीत, त्यामुळे तिथल्या पीनट बटरचं स्वप्न सोडा, पण तिथल्या सैनिकांच्या बायका शहरातच फिरतात. शिवाय इथे जर्मन-अमेरिकन सेंटर आहे, जेम्स बर्न्स यांच्या नावाचं, म्हणजे ज्या अमेरिकन परराष्ट्रमंत्र्याने सप्टेंबर १९४६ मध्ये याच शहरात भाषण करून हरलेल्या जर्मनांना धीर दिला होता ते बर्न्स. तिथे कार्यक्रम असतात, इंग्रजीचे वर्ग असतात, आणि शिकवणारी माणसं अशा ठिकाणी लागतातच, तिने जाऊन विचारायला काय हरकत आहे? गंमत म्हणजे सेंट लुईस १९६० पासून श्टुटगार्टचं भगिनीशहर आहे आणि मुंबई १९६८ पासून. सांगलीचा नंबर लागला नाही, पण तुमच्या घरातली निम्मी भांडणं महापालिकेने आधीच मान्य केल्यासारखी आहेत.

सरकारी शाळेत नोकरी मात्र लगेच मिळेल अशी आशा तिला लावू नका. जर्मनीत शिक्षकाला बहुतेक दोन विषय लागतात, परदेशी पदवी तपासून घ्यावी लागते, आणि भाषा पक्की लागते. इंटरनॅशनल शाळा, इंग्रजी बालवाड्या बघा. तुमच्या जोडीदार व्हिसावर तिला काम करायची परवानगी असते, कार्डावर एकदा वाचून घ्या. जर्मनचा सरकारी इंटिग्रेशन कोर्स ६०० तास भाषा आणि १०० तास इथला इतिहास-कायदा असा असतो, तो अॅपपेक्षा शंभर पटीने बरा कारण वर्गात सीरियाची, ब्राझीलची, युक्रेनची माणसं भेटतात आणि सगळीच चुकीचं जर्मन बोलतात. आणि ड्रायव्हिंग लायसन्स! इथे राहायला आल्यापासून सहाच महिने अमेरिकन लायसन्स चालतं. पुढे काही राज्यांचं सरळ बदलून मिळतं, काहींना लेखी परीक्षा, काहींना दोन्ही परीक्षा, मिझुरीचं काय ते श्टुटगार्टच्या लायसन्स ऑफिसात विचारा. वर्ष होत आलंय म्हणता आणि ती अजून ट्रामनेच फिरते, त्यावरून वाटतं हे राहूनच गेलंय. सोळाव्या वर्षापासून गाडी चालवणाऱ्या बाईचं लायसन्स काढून घेतलं की ती बर्फावरून भांडणारच.

शेवटचं, परत जाऊ का. ते मी नाही ठरवणार, पण तुम्ही तो प्रश्न तिच्या किरकिरीवर ढकलू नका. पत्राच्या शेवटी तुम्हीच एका ओळीत लिहिलंय की ऑफिसात सगळे जेवणाच्या टेबलावर जर्मनमध्ये बोलतात आणि तुम्हाला फोन बघत बसावं लागतं. म्हणजे कंटाळलाय कोण? ते तिला सांगा. नावं ठेवायला तिला जोडीदार हवाच आहे.

आणि हो, ग्रीन कार्डबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाही, तुमच्याकडे अजून तेच असेल तर हे आधी बघा. रीएंट्री परमिट, म्हणजे परत शिरायच्या परवान्याशिवाय वर्षभरापेक्षा जास्त बाहेर राहिलात तर परत शिरताना अडचण येते, आणि त्याचा फॉर्म आय-१३१ अमेरिकेत असतानाच भरावा लागतो, श्टुटगार्टमधून नाही. वर्ष व्हायला आलंय म्हणताय तर एखाद्या इमिग्रेशन वकिलाशी याच आठवड्यात बोला. टॅक्सचंही तेच, तिला नागरिक म्हणून आणि तुम्हाला ग्रीन कार्डवाले म्हणून जर्मनीत राहूनही अमेरिकेचं रिटर्न भरावं लागतं, बाहेर राहणाऱ्यांना १५ जूनपर्यंत आपोआप मुदत असते, पण टॅक्स निघत असेल तर व्याज एप्रिलपासूनच लागतं. परदेशी खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याचा वेगळा रिपोर्ट, त्यात सांगलीच्या बँकेतली तुमच्या नावची एफडीसुद्धा येते. आणि बँकेतल्या गोड बोलणाऱ्या माणसाने सुचवलेले इथले म्युच्युअल फंड घेऊ नका, अमेरिकन टॅक्सवाले त्यांना पीएफआयसी, म्हणजे परदेशी गुंतवणूक कंपनी मानतात आणि त्याचे फॉर्म भरताना सीए पण हात जोडतो. भारतातल्या एसआयपीलाही तेच लागू आहे, ती चालू असेल तर आधी तिचं बघा.